अहो, हमीदार मिळाला!

परदेशात चार मराठी माणसं भेटली की खाण्याच्या गप्पा होतात म्हणे. आमच्या ओसाकाच्या ग्रुपमध्ये व्हायच्या त्या कागदपत्रांच्या! २०११च्या मोठ्या भूकंपानंतर अनेकांनी बायकामुलं भारतात पाठवली होती. ओसाका तसं भूकंपापासून बरंच लांब, पण टीव्ही सांगली-साताऱ्यालाही दिसतो ना! पुढे जो तो घरच्यांना परत बोलवायला लागला आणि सगळ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडले. मी इथला जुना, जपानी बरं, आणि फॉर्म भरायचा मला कंटाळा नाही. माझ्या हातची एकही केस परत आली नाही, हे छाती ठोकून सांगतो. अर्ज गेले, किस्से तेवढे माझ्याकडे राहिले.

*

हमीपत्र म्हटलं की जपानमध्ये सहीपेक्षा शिक्का मोठा. मी शिक्का करायला गेलो, तर 'देशपांडे' त्या एवढ्याशा गोलात मावेना. दुकानदाराने जपानी लिपीतली पहिली दोन अक्षरं कोरून दिली : 'देशी'. वर खूश होऊन म्हणाला, "छान नाव आहे! देशी म्हणजे शिष्य."

तेव्हापासून ग्रुपमध्ये कोणी विचारलं, "काय रे, व्हिसाचं काम झालं का?" की उत्तर ठरलेलं : "होणारच! दादांनी देशी मारलीय!"

*

सगळ्यात अवघड केस निखिलची. तो इथे पीएचडी करत होता. बायको सायली बाळंतपणासाठी सांगलीला, सासरीच राहिली होती. मुलगी मुक्ता चालायला-बोलायला लागली, पण बापाला तिने पाहिलं होतं ते फक्त फोनवर. "बाबा कुठे आहेत?" असं विचारलं की ती पळत जाऊन मोबाईल आणायची! निखिल हे हसत हसत सांगायचा. मला मात्र ते ऐकवत नसे.

अडचण अशी, की त्याची स्कॉलरशिप तिघांना पुरेशी नव्हती. इमिग्रेशनवाल्यांनी सांगितलं, सोबत दुसरा आर्थिक हमीदार द्या. त्याचा उत्पन्नाचा दाखला, टॅक्सचा दाखला, रहिवासी दाखला, हमीपत्र, सगळं लागेल. मीच उभा राहिलो असतो, पण माझ्या डोक्यावर आधीच दोन कुटुंबांची हमी होती.

*

निखिलचे वडील कोर्टातून रिटायर झालेले. निखिलने त्यांना फोन लावला. लाइन तुटत होती आणि ऐन वेळी त्याला 'हमीदार' हा शब्द काही आठवेना.

"बाबा, सगळं अडकलंय! इथे मला जामीन राहायला कोणी मिळत नाहीये!"

पलीकडे काकांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आईला यातलं काही बोलू नकोस. घाबरायचं नाही. आधी मला सांग, कलम कोणतं लावलंय?"

*

लग्नाचा पुरावा म्हणून निखिलने नेमका अंतरपाटाचा फोटो जोडला होता. मी त्याच्याबरोबर इमिग्रेशनच्या काउंटरवर गेलो होतो. साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"मधे हा पडदा का?"

"त्या वेळी एकमेकांना बघायचं नसतं."

"म्हणजे तुम्ही आधी बघितलंच नव्हतं?"

"छे! चार वर्षं एकाच कॉलेजात होतो की!"

"मग पडदा का?"

निखिल माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मी तोंड घातलं, "साहेब, मोठं काम सुरू करायच्या आधी एकदा रीस्टार्ट करतात!"

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि फोटो फाइलला लावला.

*

हमीदार अखेर मिळाला तो निखिलच्याच बिल्डिंगमध्ये. घरमालकीण मुराता-सान, म्हणजे मुराताबाई. खाली त्यांचं छोटं खाण्याचं दुकान, आणि निखिल रोज तिथेच जेवायचा. जेवताना सायलीशी व्हिडिओ कॉलही तिथूनच. त्याची अडचण कळल्यावर बाई म्हणाल्या, "एवढंच ना? मी राहते!" दुसऱ्या दिवशी सगळे दाखले हजर. शिवाय कोणी मागितलेला नसताना ब्लडप्रेशरचा रिपोर्ट!

"हा कशाला?" मी विचारलं.

"हमीदार टिकायला नको?"

*

काही दिवसांनी इमिग्रेशनमधून मुराता-सानना चौकशीचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवरच घेतला. आम्ही दोघं समोरच जेवत होतो.

"ही दोघं खरोखर नवराबायको आहेत, कशावरून?"

बाईंचा आवाज मुळातच दणदणीत. म्हणाल्या, "ती त्याला रोज सगळ्यांसमोर 'आहो, आहो' म्हणते, आणि हा मान हलवत 'हाय, हाय' करतो! नवरा नसता तर ऐकून घेतलं असतं का?"

निखिलच्या हातातला घास हातातच राहिला. सायली बिचारी सासूसासऱ्यांसमोर बसून बोलायची, म्हणून 'अहो'; आणि निखिलचं 'हाय' असायचं ते मुक्ताला बघून. पण ओसाकाच्या बोलीत 'आहो' म्हणजे मूर्ख, आणि जपानीत 'हाय' म्हणजे हो!

मी खरा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर निखिलने टेबलाखालून माझा पाय दाबला. "दादा, आधी व्हिसा हातात येऊ दे!"

*

व्हिसा आला. एअरपोर्टवर निखिल, मी आणि मुराता-सान. निखिल सकाळपासून एकच विचारत होता, "दादा, ओळखेल ना ती मला?" एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला छातीठोक उत्तर असतं. त्या दिवशी मी नुसती त्याची कॉलर सारखी केली.

दार उघडलं. सायली ट्रॉली ढकलत आली, बॅगांवर मुक्ता बसलेली. सायलीने वाकून बोट दाखवलं, "मुक्ता, बघ कोण आलंय!"

मुक्ताने निखिलकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. पुन्हा निखिलकडे. आणि दोन्ही हात पसरून केवढ्यांदा तरी ओरडली, "अहोऽऽऽ!"

सगळं एअरपोर्ट वळून बघायला लागलं. मुराता-साननी टाळ्या वाजवल्या. आणि निखिल दोन्ही हात वर करून, डोळे पुसायचंही भान न ठेवता, धावत सुटला : "हाय! हाय! हाय!"