तोंडात एकच शब्द उरला तेव्हा

मला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, डोक्यात उत्तरही तयार असायचं, पण तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा: छत्री. पाणी हवं असलं तरी छत्री, मुलाला हाक मारायची तरी छत्री. हाच शब्द का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आमचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून हॉस्पिटलमधून सोडल्यावर मुलाने मला कर्वेनगरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. सहा आठवडे फक्त, असं तो म्हणाला. जागा वाईट नव्हती. चादरी स्वच्छ, जेवण वेळेवर. कॉटला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे होते. ते वर केले की मला उठता येत नसे.

तिथे सगळे मला आजोबा म्हणत आणि माझ्याविषयी माझ्यादेखत दुसऱ्याशी बोलत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला संडासला जायचं होतं. मी दाराकडे बघत छत्री, छत्री म्हणत राहिलो. कामावरची बाई हसली. मनाने वाईट नव्हती ती. पाऊस नाहीये आजोबा, म्हणाली. मग माझी चुळबूळ पाहून तिला अंदाज आला असावा. तिने डायपर चाचपला आणि म्हणाली, "हे आहे ना, त्यातच करा."

त्यातच केलं. दोन तास तसाच पडून होतो.

नोकरीत मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीवर बसलो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला पलीकडच्या खिडकीत धाडण्यात माझा हात कोणी धरत नसे. त्या दोन तासांत मला ती माणसं आठवली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मला फक्त स्वतःची घाण आणि पंख्याची घरघर कळत होती.

संध्याकाळी मी खिचडीची वाटी डाव्या हाताने भिरकावली. माझ्या फाइलमध्ये 'आक्रमक' अशी नोंद झाली आणि तो हात बँडेजच्या पट्टीने कठड्याला बांधला गेला. रविवारी मुलगा आला. पट्टी पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असं सिस्टरांनी सांगितलं. त्याने गाठ जराशी सैल केली, सोडली मात्र नाही, आणि माझ्या कपाळावर हात ठेवून बसून राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला ऐकू गेलं ते छत्री, छत्री, छत्री. तो गेल्यावर पहिल्यांदाच वाटलं, की आता असंच मरायचं, आत सगळं शाबूत असताना.

पंधरवड्याने सकाळच्या पाळीला एक नव्या मावशी आल्या. पन्नाशीच्या, मोमीनपुऱ्यातून दोन बस बदलून येणाऱ्या. त्यांच्या सासऱ्यांनाही असाच झटका आला होता आणि आठ वर्षं त्यांचं सगळं मावशींनीच केलं होतं, हे मला नंतर कळलं. स्टूल ओढून त्या माझ्या तोंडासमोर बसल्या. आधी पट्टी सोडली. मग विचारलं, "काका म्हटलेलं चालेल आपल्याला?"

मी मान हलवली आणि म्हणालो, "छत्री."

त्या हसल्या नाहीत. माझा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी एकेक विचारते. हो असेल तर हात दाबा. पाणी हवंय? कुठे दुखतंय का? संडासला जायचंय?"

मी इतक्या जोरात दाबला, की त्यांची बांगडी माझ्या तळव्यात रुतली.

"मग चला की."

सिस्टर आडव्या आल्या. आजोबा पडले तर जबाबदारी कोणाची, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, "पडले तर माझ्या अंगावर पडतील." हे फाइलमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं, त्यामुळे सिस्टर बाजूला झाल्या.

मावशींनी मला चाकाच्या खुर्चीतून नेलं, कमोडवर बसवलं, मांडीवर टॉवेल टाकला आणि दार ओढून घेतलं. झालं की भिंतीवर टकटक करा, घाई नाही, असं बाहेरून सांगितलं. किती दिवसांनी मी एकटा होतो. मी तिथे बसून रडलो. त्यांना ऐकू गेलं असणार, पण टकटक होईपर्यंत त्या आत आल्या नाहीत.

महिन्याभरात दिवसाचा डायपर सुटला. वाचा सुधारायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तिने शिकवलेलं काही जमेना, पण एका सकाळी मावशी दुधीची भाजी भरवत असताना माझ्या तोंडून स्वच्छ निघालं, "नको." मावशींनी वाटी खाली ठेवली. "नको तर नको," म्हणाल्या, आणि मग पदराने डोळे पुसले.

दिवाळीत एका दिवसासाठी मुलाने आणि शेजाऱ्याने मला खुर्चीत बसवून तिन्ही जिने वर नेलं. तोवर पन्नासेक शब्द परत आले होते. सुनेने माझ्या आवडीचं सगळं केलं होतं. पण तिथे मी कूस बदलली तरी दोघं घाबरून धावत येत. संडासच्या उंबऱ्याशी खुर्ची अडली तेव्हा मुलगा रडकुंडीला आला. चार वाजता मीच त्याला म्हणालो, "चल." त्याला वाटलं, मी रागावलो. रागावलो नव्हतो. मला आता ते घर जमत नव्हतं आणि घराला मी.

सहा आठवड्यांची तीन वर्षं झाली. फाटकाला कुलूप असतं. बाहेरच्या रस्त्यावरून कॉलेजची मुलं जाताना ऐकू येतात, दिसत नाहीत. हे मी डाव्या हाताने लिहितोय, दिवसाला चार ओळी होतात. काल मावशींनी विचारलं, काय लिहिताय काका. मी म्हणालो, "तुम्ही." मला 'तुमच्याबद्दल' म्हणायचं होतं.

"मी? मला कुठलं येतंय एवढं लिहायला," असं म्हणून त्या चादर बदलायला लागल्या.