दामूदादाची काळी चार

इथले अनुभव मी वाचतो ते हसायला, हे आधीच कबूल करतो. भूत, भास, आत्मा... आपला काही संबंध नाही. शहापूरला ऑफिसात नोकरी, संध्याकाळी घर. वेड एकच — संगीत नाटक. आणि त्यातही एकच माणूस, आमच्या किन्हवलीचा दामूदादा.

दामूदादा भातशेती करायचा आणि जत्रेच्या नाटकात राणी व्हायचा. तीसेक वर्षं. शालू नेसून उभा राहिला की बायकासुद्धा पदर कसा सावरायचा ते बघून घेत. वनवासाला निघताना राणी जे पद म्हणते, ते तो काळी चारमध्ये गायचा. पेटीची ही पट्टी इतकी उंच, की भलेभले गवई घाम गाळतात. हा हसत गायचा. मी कायम पहिल्या रांगेत. त्याने कुठली तान कधी बदलली हे त्याच्या आधी मला कळतं, असा माझा माज.

आमच्याकडे वन्समोअर पडला की नट नाही म्हणत नाही. तशी रीतच आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याने ते पद खालच्या पट्टीत घेतलं. वय झालं होतं, गळा उतरला होता; पेटीवाल्याशी ठरवून गुपचूप काळी दोन. कुणाला कळलं नाही. मला कळलं. आणि मी दीडशहाणा उभा राहून ओरडलो, "वन्समोअर! पण काळी चारमध्ये!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पेटीवाल्याला मान हलवली आणि गायला. वरच्या सुरावर आवाज फाटला. लोक हसले, शिट्ट्या पडल्या, मोबाइल वर झाले. ज्या माणसाच्या तीस वर्षांच्या गाण्याचं एक रेकॉर्डिंग नाही — तो करूच द्यायचा नाही — त्याचा फाटका आवाज दुसऱ्या दिवशी तालुकाभर फिरला.

माफी मागायला गेलो तर म्हणाला, "पट्टी कळली रे तुला, मानूस नाय कळला."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. गायलाही नाही, शेतातलं गुणगुणणंसुद्धा बंद. मागच्या वर्षी गेला. गावाने श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला, खाली फोटो हसणाऱ्यांचेच.

यंदा मंडळाने राणीच्या कामाला मुरबाडची एक मुलगी घेतली आणि दामूदादाचा शालू मागायला मला पाठवलं. लाज गुंडाळून गेलो. दुपारचे तीन. शुक्रवार, आमच्याकडे लोडशेडिंगचा वार, त्यामुळे लाइट नव्हती. घरात वहिनी एकट्याच. त्यांनी ट्रंक उघडली, शालू माझ्या हातात ठेवला... आणि आतल्या खोलीतून पद सुरू झालं.

तोच आवाज. काळी चार. वहिनी दाराकडे बघत होत्या, म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. सूर चढत गेला, जिथे फाटला होता तिथे आला — आणि फाटला नाही. स्वच्छ लागला. पद संपलं. मग शांतता. वन्समोअर येतो का म्हणून नट थांबतो ना, तेवढी.

वहिनी म्हणाल्या, "आता का गप, भावजी? तवा तर लय वरडलात."

मी आत जाऊन पाहिलं. भाताच्या कणग्या, एक खाट... माणूस नाही, काही नाही. वहिनींनी माझ्या हातातला शालू घेतला, घडी घातली आणि ट्रंक बंद केली. मी मागितला नाही.

मित्र म्हणतात, शेजारी कुणाचा तरी मोबाइल वाजला असेल. पण मोबाइलमध्ये आहे तो फाटका आवाज! मनाचे खेळ म्हणावेत तर वहिनींनी कसं ऐकलं? तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही.

मी गप्प का राहिलो, ते मात्र सांगता येतं. पुन्हा गायला तर या वेळी फाटेल, असं वाटलं मला. मला... जो स्वतःला त्याचा सगळ्यात मोठा चाहता म्हणवत होता.