पाय धुण्याचा गुरुवार

तंजावरात कॉम्प्युटरच्या शिकवण्या नुकत्याच निघाल्या होत्या, तेव्हा मी एका ख्रिस्ती शाळेत गणित शिकवत होतो. कॉपी केल्याच्या संशयावरून मी नववीच्या एका मुलाला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. नंतर कळलं, कॉपी त्याच्या शेजाऱ्याने केली होती. मी त्याला आत घेतलं, पण माफी मागितली नाही. माझ्या तासाला तो तोंड उघडेनासा झाला.

मला जेवण जाईना. शेवटी हेडमास्तरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "येशूने शिष्यांचे पाय धुतले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आपल्याकडे मास्तर मुलांचे धुतात. तो मुलगा तुमच्याकडे."

"सर, मी हिंदू आहे."

"त्याचे पायही हिंदूच आहेत. शिकवणाऱ्याला वाकता आलं पाहिजे, एवढंच माझं शिक्षणशास्त्र."

गुरुवारी मी टब घेऊन त्याच्यासमोर बसलो. तो पापनाशमकडच्या खेड्यातून सायकल मारत आलेला, पाय धुळीने माखलेले. तळव्याला हात लागताच तो किंचाळला. गुदगुल्या! त्याने पाय आखडला, टब कलंडला, मी कमरेपर्यंत भिजलो. सगळी शाळा खिदळू लागली. हेडमास्तर खांबाला धरून हसत होते. मलाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच महिनाभर अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, "चुकलो रे मी, माफ कर."

तो डोळे पुसत म्हणाला, "सार, दुसरा पाय राहिला," आणि तो त्याने आपणहून पुढे केला.