पाय उगवतीकडे

“उत्तर-दक्षिन टाक म्हातारीले. तुमचा येशू येनारच हाये ना बे? मंग तो घेईन शोधून.”

धुऱ्यावर उभं राहून तो हे बोलला. तोंडात सुपारी, डोळ्यांवर काळा चष्मा. समोर चार माणसांच्या खांद्यावर माझ्या आईची पेटी. त्याच्या मागं उभे असलेले दोन गडी फिस्सकन हसले. मलाही हसू आलं असतं, वाक्य तसं झकास होतं. आमच्या नाताळाच्या नाटकात मी दरवर्षी बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा होतो, टाळीचं वाक्य मला कळतं. पण पेटीत माझी आई होती.

हा कोण, ते सांगतो. आमचं गाव जानेफळच्या बाजूला. आमच्या दफनभूमीला लागून याचं शेत, मध्ये फक्त धुरा, मातीचा बांध. गाव त्याला भाऊसाहेब म्हणतं, मीही म्हणायचो. आम्ही एकाच वर्गात शिकलो, तो माझ्याहून चार महिन्यांनी लहान. मी पन्नाशी ओलांडली, आजोबा झालो, तरी त्याच्या तोंडी मी ‘बे’च. आई चाळीस वर्षं त्याच्या शेतात निंदायला गेली. तहान लागली की ओंजळ पुढं करायची, वरून धार पडायची. तांब्याला तिचा हात कधी लागू दिला नाही.

या आईनं जाताना एकच गोष्ट मागितली होती. आमच्यात मेलेल्याचं डोकं मावळतीला ठेवतात, पाय उगवतीला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू उगवतीकडून येईल, तेव्हा उठून उभं राहिलं की समोर तोच दिसावा, म्हणून. अंथरुणावरून ती रोज बजावायची, “मले आडवीतिडवी नको टाकजो बापा. जल्मभर मान खाली घालून निंदलं. उठीन तवा त्याच्या तोंडाकडे पाह्यत उठीन.”

नवी साडी नाही मागितली, कोरीव क्रूस नाही. एक दिशा मागितली.

आणि त्या दिशेला जागाच नव्हती.

का नव्हती? दरवर्षी पेरणीच्या आधी त्याचा ट्रॅक्टर धुऱ्याला घासून जायचा आणि आमची वीतभर माती त्याच्या शेतात जायची. धुरा सरकत सरकत आत आला. जुन्या कबरी सोडून आमच्याकडं एवढीच चिंचोळी पट्टी उरली, की पूर्व-पश्चिम खड्डा घेतला तर मेलेल्याचे पाय त्याच्या सोयाबीनमध्ये.

मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो? लाज वाटते, पण सांगतो. आम्ही खूश होत होतो! अकोल्याहून मोटारसायकलवर येणारे आमचे पाळक दर रविवारी सांगायचे, शेवटचे दिवस आलेत, दुःखं वाढणार, ती लक्षणं आहेत. नळाला बारा दिवसांनी पाणी आलं: लक्षण. रोग आला: लक्षण. धुरा कोरला: तेही लक्षण. वा! म्हणजे प्रभू आणखी जवळ आला. एका माणसाच्या ट्रॅक्टरकडं आम्ही वीस वर्षं भविष्यवाणी समजून बघत बसलो. भविष्यवाणीला डिझेल लागतं का हो?

त्या दिवशीही पाळक पुढं झाले. माझं कोपर धरून हळूच म्हणाले, “जाऊ द्या. हे असं होणार, हे लिहिलेलंच आहे. प्रभूला दिशेचं काय? उत्तर-दक्षिण ठेवू.”

धुऱ्यावरच्याला ते ऐकू गेलं. “पाह्य, तुमच्या बुवाले अक्कल हाये. आटपा लवकर. मले फवारनी करायची हाये.”

फवारणी. माझी आई खांद्यावर, आणि याला फवारणी.

मी पेटी खाली ठेवायला सांगितली. डोक्यात वीजबीज काही चमकली नाही. फक्त एवढं कळलं, की प्रभू येणार यावर आईचा खरा विश्वास होता, आमचा नव्हता. घरधनी येणार हे ज्याला खरंच ठाऊक आहे, तो चोराला दार उपटून नेऊ देतो? उद्या प्रभू आला आणि म्हणाला, तुम्हाला दिलेली जागा कुठं आहे, तर काय सांगणार? लक्षण होतं म्हणून देऊन टाकली?

कुदळ घेतली. धुऱ्यावर चढलो. त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर, सोयाबीनच्या तासात, पहिला घाव घातला.

“ए! काय करून राह्यला बे?”

“खड्डा.”

“माह्या वावरात?”

“तुह्यं नाई. आमचंच हाये हे. सरक.”

भाऊसाहेब नाही, काही नाही. नुसतं ‘सरक’. गड्यांचं हसणं थांबलं. माझ्या बायकोनं पदर खोचला, फावडं उचललं आणि माती ओढायला लागली. मग पेटी आणणारे चौघं आले.

दोन फुटांवर खणकन वाजलं. माती बाजूला केली. क्रूस निघाला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून, ठोकून केलेला, गंजून लाल झालेला. याच्या सोयाबीनखाली आमचं माणूस होतं. याच्या फाळाखाली, दरवर्षी.

क्रूस मी त्याच्या नाकासमोर धरला. “हे कोनतं बियानं रे? कवा पेरलं?”

त्यानं चष्मा काढला. “मले काय ठाऊक? बापाच्या टायमाचं असंन.” मग खिशातून फोन काढला. “थांब, पोलिसच बोलावतो.”

“बोलाव. तलाठ्यालेबी बोलाव. मोजनीवाल्याले सांग, टेप घेऊन ये म्हना.”

खालच्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आम्ही चार हात बाजूला सरकून खणलं. आई गेली खाली, पाय उगवतीला. पाळकांनी पुस्तक उघडलं. उभे राहिले ते उगवतीकडं तोंड करून, भर सोयाबीनमध्ये.

पोलिस आले, दोघांचं लिहून घेतलं, गेले. पीक तुडवल्याची तक्रार माझ्यावर आहे. मी मोजणीचा अर्ज दिला आहे. आमच्या वस्तीतल्या बायांना त्यानं कामावर बोलावणं बंद केलं. गावातली समजूतदार मंडळी चहाला येतात, म्हणतात, “तुमच्या धर्मात क्षमा हाये ना? करून टाक.” मी म्हणतो, “हाये ना. मानसाले करतो. ट्रॅक्टरले नाई.”

शेवटचे दिवस आलेत, हे मी आजही मानतो. प्रभू येणार, हेही मानतो. उद्या दुपारी येवो नाहीतर हजार वर्षांनी. म्हणूनच आता मी लक्षणं मोजत बसणार नाही. सोयाबीन निघालं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आहे. ट्रॅक्टर आला की मी धुऱ्यापलीकडं, आईच्या पायांशी आडवा पडणार. फाळ आधी माझ्यावरून जाईल. धुरा बोटभरही सरकणार नाही.