अबुधाबीच्या उन्हात गोठलेला हात

मी नर्स आहे. मयताशेजारी एकटी बसून डबा खाल्लाय, कधी काही वाटलं नाही. भूतखेत मानणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे... म्हणूनच हे लिहायला इतके दिवस गेले.

गेल्या जुलैतली गोष्ट. अबुधाबीत एरिक नावाच्या एका स्वीडिश इंजिनिअरच्या घरी त्याच्या ब्याण्णव वर्षांच्या वडिलांना सांभाळायला होते. मी त्यांना बाबाच म्हणायचे. विसर पडायचा, आधाराशिवाय उभंही राहता येत नव्हतं.

त्या दुपारी बाबांना भरवून झोपवलं आणि शेजारच्या खोलीत जोहरची नमाज पढायला गेले. दहाच मिनिटं. परत येते तर — बाबा बाल्कनीच्या काचेच्या दाराशी उभे! एकटे! उजवा तळवा काचेवर दाबलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. ओढून घेतलं तर हात पांढराफटक, बोटं लाकडासारखी. आणि काचेला माझं बोट लागलं, तर चटका बसला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दोनदा तपासलं. "भाजलेलं नाही हे. फ्रॉस्टबाइट आहे. हात बर्फात कोणी ठेवला?"

एरिक माझ्याकडे वळला. "शबाना, खरं सांग. फ्रीझरमध्ये?"

"अल्लाची कसम, सर! बाबांच्या खोलीतला तुमचा कॅमेरा बघा."

पेशंटला इजा केल्याचा आळ म्हणजे नोकरी, व्हिसा, सगळंच गेलं. वर पोलीस.

घरी येऊन दोघांनी रेकॉर्डिंग पाहिलं. बाबा आपणहून उठले, ताठ चालत दाराशी गेले, काचेवर हात टेकला आणि बोलू लागले. "कारीन... नेय. नेय, कारीन." अकराव्या मजल्यावर, बाहेर कोण असणार?

एरिकचा चेहरा पडला. कारीन म्हणजे बाबांची बहीण, म्हणाला. त्यांच्या तरुणपणी, भर हिवाळ्यात, गावच्या घराच्या मागच्या दाराबाहेर ती सकाळी गोठून मेलेली सापडली. कपाळ फुटलेलं. घरच्या गड्याने मारून बर्फात टाकली असं ठरलं. "मी नाही" म्हणत म्हणत तो तुरुंगातच मेला.

"त्या रात्री घरात कोण होतं, सर?"

"...बाबा."

"आणि आता ते काय म्हणतायत?"

"थांब, उघडतो, असं."

खोटं! नेय म्हणजे नाही. लापशीचा चमचा पुढे केला की रोज तेच ऐकायचे मी.

एरिकने माझ्यादेखत क्लिप डिलीट केली.

"सर, त्या गड्याच्या घरचं कोणी असेल ना? त्यांना निदान..."

"खलास, शबाना. तुझ्यावर संशय नाही, झालं ना?"

आठवड्याने बाबा गेले. तो हात कसा गोठला, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला तर नाहीच. त्या गड्याचं नाव एरिकलाही माहीत नव्हतं... पण कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते — मला नाही वाटत त्याने मारलं.