होबर्टच्या गाण्याची शेवटची ओळ

डेल्फिया स्टिडहॅमचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. लग्नाची पन्नाशी, अख्खं खोरं जेवायला येणार, आणि नवऱ्याच्या डोक्यात भलतंच खूळ! तिच्यावर स्वतः रचलेलं गाणं होबर्टला आज सगळ्यांदेखत म्हणायचं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आजवर ते स्वयंपाकघराबाहेर गेलं नव्हतं.

गाण्याला दम लागतो, आणि होबर्टचा दम कोळशाच्या खाणीने केव्हाच खाऊन टाकला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, मागे चाकांवरची टाकी. सकाळी मागच्या दारी त्याने एक ओळ म्हणून पाहिली. निम्म्यातच असा खोकला उसळला की कोंबड्या पळाल्या.

"फिटली हौस?" डेल्फियाने पाणी पुढे केलं. "लोकांसमोर जीव द्यायचाय का?"

"पुढच्या वर्षी... दम वाढणार आहे का माझा?"

आज नाही तर कधीच नाही, हे तिलाही कळत होतं. ती आत जाऊन घेवड्याचं पातेलं उगाच ढवळत राहिली.

दुपारी अंगण फुलून गेलं. कॉर्नब्रेड, चिकन, सफरचंदाचा मुरंबा भरलेले थरांचे केक. टेबलं पुरेनात, म्हणून लोकांनी गोठ्याचं दारच काढून आणलं आणि त्यावर पातेली मांडली. होबर्ट खुर्चीत ताठ बसला, केस चापून बसवलेले.

"बाबा, लिहून दिलंत तर माझा नवरा म्हणेल ना गाणं," मुलगी लोरीन हळूच म्हणाली. "तुम्ही नुसते बसा."

"बायको माझी," होबर्ट म्हणाला, "आणि गाणार तो?"

हशा पिकला. ओटी कॉडिलच्या हातातली ताटली पडता पडता वाचली. हा ओटी आमच्या चर्चमध्ये भजनं सांगतो. आमच्याकडे पेटी नाही, बाजा नाही. एकाने ओळ भरभर सांगायची आणि बाकीच्यांनी ती संथ, लांबच लांब ओढून गायची. ज्याला भजन येत नाही तोही गातो.

"अरे होबर्ट, गातोस कशाला? सांग!" ओटी ओरडला. "ओळ तू सांग, ओढायला आम्ही आहोत की. तेवढ्यात तू श्वास घे."

"बायकोचं गाणं भजनासारखं?" डेल्फिया जवळजवळ किंचाळली. "ओटी, देव वरून बघतोय!"

"बघू दे. त्यालाही केक देऊ."

आणि सुरुवात झाली. होबर्टने एका श्वासात ओळ सांगितली, आणि अंगणभर माणसांनी ती उचलली. काय उचलली! म्हाताऱ्यांचे खर्जातले आवाज, बायकांचे चढे, सगळे मिळून ती ओळ समोरच्या डोंगरापर्यंत नेऊन परत आणत होते. तोवर होबर्टची छाती भरून व्हायची, की पुढची ओळ. डेल्फियाचे गाल तापले. तिचे केस, तिचा राग, तिने ओढ्यात फेकलेला त्याचा तंबाखू, सगळं गाव गात होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि आनंद तर पोटात मावेना.

शेवटचं कडवं आलं.

आटो ओढा, खचो डोंगर,
रस्ता जावो वाहून,
येईनच मी, डेल्फिया, घरी...

लोकांनी 'घरी' इतकं लांबवलं, पण होबर्टचा श्वास काही परत येईना. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा हलले. राहिलेली ओळ कुणालाच ठाऊक नव्हती. डेल्फियाला होती: 'तू घे ना गं जेवून.' खाणीत उतरताना तो रोज हेच सांगायचा.

आमच्याकडे ओळ पुरुष सांगतात. बाईने सांगितलेली आजवर कुणी ऐकली नव्हती. डेल्फिया उठली, खुर्चीमागे गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बसलेय मी ताट वाढून!"

क्षणभर ओटीसुद्धा दचकला. मग त्याने सूर धरला, आणि सगळं अंगण उसळलं. किती तरी वेळ ते ओढत राहिले.

होबर्टला दम सापडला तेव्हा तो रडत होता आणि हसतही होता.

"ओळ... चुकवलीस."

"पन्नास वर्षं तूच चुकीची म्हणतोयस," डेल्फिया म्हणाली. "एकदा तरी जेवले का रे मी तुझ्याआधी?"