हिंदी शोधायला बनारसला गेलेले चौगुले सर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. स्टाफरूममध्ये चहा येतो, कुणीतरी खुर्ची पुढं ओढून म्हणतं, “बनारसचं सांगा की!” आणि आपण सांगतो. पुढच्या खेपेला तोच किस्सा दुसराच कुणीतरी आपल्याला ऐकवतो. परवा एका नव्या प्राध्यापकानं मला सांगितलं की चौगुले सर नावेतून गंगेत पडले होते. मी शेजारी बसलो होतो, कुणी पडलं नव्हतं! तेव्हा म्हटलं, खरोखर घडलं तेवढं एकदा सांगून टाकावं.

आम्ही तिघं गेलो होतो. कोडोलीजवळच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो, कांबळे मॅडम इतिहास आणि चौगुले सर हिंदी. तिघांनाही बनारसच्या विद्यापीठात एकाच रिफ्रेशर कोर्सला जागा मिळाली. मला आणि मॅडमना तो नुसता पुरा करायचा होता. चौगुले सरांचं तसं नव्हतं. त्यांची बढती अडकली होती आणि ती सुटायला या कोर्सात वरची श्रेणी हवी होती. ती ठरणार होती शेवटी घ्यायच्या नमुना पाठावरून. म्हणजे सगळी नोकरी कोडोलीत केलेल्या माणसानं हिंदीच्या माहेरी जाऊन, हिंदीच्याच प्राध्यापकांना हिंदी शिकवून दाखवायची.

“वारणानगरात जाऊन दूध विकण्यातला प्रकार हाय ह्यो,” सर रेल्वेत म्हणाले. वहिनींनी दिलेली भाकरी-चटणीसुद्धा त्यांना गोड लागेना. मग स्वतःच स्वतःची समजूत घातली. “पर तीन आठवडं खरी हिंदी कानावर पडंल की. तेवढ्यानं जीभ वळंल.”

*

स्टेशनबाहेर पहिलीच खरी हिंदी भेटली ती रिक्षावाल्याची. सरांनी शर्ट नीट केला आणि त्याला विचारलं, “महोदय, विश्वविद्यालय तक पहुँचाने का क्या शुल्क लेंगे?”

रिक्षावाल्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. मग मागं वळून हाक मारली. आणखी दोघं रिक्षावाले आले.

“एक बार फिर से बोलिए तो,” तो सरांना म्हणाला.

सरांनी पुन्हा म्हटलं. तिघांनी मन लावून ऐकलं आणि आपापसात भोजपुरीत काहीतरी बोलून खूप हसले. मग पहिला सरांकडं वळून म्हणाला, “कहाँ जइबा, गुरु?”

सर माझ्याकडं बघायला लागले. “काय म्हणतोय ह्यो?”

मी म्हटलं, “हिंदी तुमचा विषय. मी भूगोलाचा माणूस!”

*

कोर्सचे प्रमुख त्रिपाठी सर. पांढराशुभ्र कुर्ता, आवाज खर्जातला आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. श्रेणी त्यांच्याच हातात. भाषेच्या बाबतीत माणूस फारच कडक. ओळखीच्या वेळी मी “भूगोल का टीचर हूँ” म्हणालो, तर तिथंच अडवलं. “अध्यापक.” मी अध्यापक झालो. कांबळे मॅडमनी हे बघून नुसतं “इतिहास” म्हटलं आणि खाली बसल्या.

चौगुले सरांनी मात्र संधी सोडली नाही. रात्रभर घोकलेली ओळख त्यांनी अशी काही म्हटली की आकाशवाणीवर बातम्या लागल्यासारखं वाटलं. त्रिपाठी सरांनी मान हलवली. बरं की वाईट, ते काही कळलं नाही.

मधल्या सुट्टीत आझमगढकडचा एक तरुण प्राध्यापक सरांना शोधत आला. अगदी आदरानं त्यानं विचारलं, “सर, ये वाली हिंदी कहाँ बोली जाती है?”

“कोडोली में,” सर म्हणाले.

*

माझीही फजिती सांगायला हवी, नाहीतर चौगुले सर सांगतीलच. आमच्याकडं माणूस हरवत नाही. मान वर केली की पन्हाळा दिसतो आणि दिशा कळतात. बनारसला मैलोन्‌मैल सपाट मैदान, नावाला टेकडी नाही. त्यात गंगा तिथं वळण घेऊन चक्क उत्तरेकडं वाहते. हे सगळं मी वर्गात नकाशावर शिकवतो. त्याच भरवशावर एका दुपारी दोघांना घेऊन गल्ल्यांत शिरलो. “नदी उजव्या हाताला ठेवायची, बास,” असं वर ऐटीत सांगितलं.

पण नदी दिसली तर उजव्या हाताला ठेवणार! दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी ती गल्ली. समोरून बैल आला की आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर. वाट विचारली की जो तो म्हणे, “सीधे चले जाइए.” सरळ अशी तिथं तीन पावलं गल्ली नव्हती. फिरून फिरून आम्ही एकाच लस्सीच्या दुकानापुढं येत होतो.

तिसऱ्या वेळेला दुकानदारानं काही विचारलंच नाही. मातीचे तीन कुल्हड भरून पुढं ठेवले. “बैठिए. यहाँ तक तो सही आए हैं.”

“पाटील सर,” कांबळे मॅडम लस्सी पिता पिता म्हणाल्या, “पोरांना हे प्रॅक्टिकलला द्या की.”

*

आता पंचगंगेचं. बनारसला एका घाटाचं नाव पंचगंगा घाट आहे. नावाडी एकेक घाट दाखवत चालला होता. हे नाव त्यानं घेतलं आणि चौगुले सर नावेत उभेच राहिले! पडले नाहीत, एवढंच.

“पंचगंगा आमची हाय!” भावनेच्या भरात ते मराठीतच बोलले. मग भानावर येऊन हिंदीत सांगितलं की कोल्हापूरची नदी पंचगंगा, पाच नद्या मिळून झालेली.

नावाड्यानं वल्हं थांबवलं. “हमारे यहाँ भी पाँच मिलती हैं.”

“कुठं? एकच तर दिसती की!”

“गंगाजी दिखती हैं. बाकी चार गुप्त हैं.”

सरांना जोर चढला. “आमच्या चार दिसतात. एकच गुप्त!”

मला वाटलं, जिंकलो. नावाडी शांतपणे पुन्हा वल्हं मारायला लागला. “जो दिखे, उसको तो कोई भी मान लेगा, गुरु.”

*

त्या बाजूला मराठी घरं पुष्कळ. कांबळे मॅडमनी सांगितलं की पेशवाईच्या काळापासून माणसं इथं येऊन राहिलीत, काही घाटसुद्धा मराठी सरदारांच्या पैशानं उभे आहेत. त्यांना तसं एखादं घर पाहायचं होतं. घर नाही, पण पितळी भांड्यांचं एक दुकान सापडलं. गल्ल्यावर बसलेले म्हातारे गृहस्थ आमचं बोलणं ऐकून म्हणाले, “यावे, बसावे. आपण देशावरचे वाटते?”

कित्येक पिढ्यांत त्यांच्या घरातलं कुणी महाराष्ट्रात राहिलेलं नव्हतं. पण बोलणं असं, की आम्ही तिघं सावरून बसलो. चौगुले सरांना इतक्या दिवसांनी मोकळं बोलायला मिळालं होतं. गाव, कॉलेज, उसाचा हंगाम, सगळं त्यांनी ऐकवलं. गृहस्थ एक तांब्या पुसत ऐकत होते. शेवटी कळवळून म्हणाले, “मराठी फार बिघडली हो तुमची. तिकडे कोणी शिकवीत नाही वाटते?”

बाहेर आल्यावर सरांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, “हिंदी अजून गावंना. आन् मराठीत नापास झालो!”

*

हिंदी गावत नव्हती हे मात्र खरं होतं. रिक्षावाल्याची भोजपुरी. विणकरांच्या मोहल्ल्यात ऐकत राहावी अशी उर्दू. घाटावर बंगाली, तमीळ, तेलुगू, नेपाळी. विद्यापीठातली पोरं प्रेमात इंग्रजी आणि भांडणात भोजपुरी. सरांना हवी होती तशी हिंदी एकटे त्रिपाठी सर बोलायचे, आणि त्यांच्यासमोर सरांचा आवाज फुटत नव्हता.

सारनाथला तरी ऐकायला मिळेल म्हणून सर आमच्याबरोबर आले. तिथला वाटाड्या श्रीलंकेच्या बायकांना सिंहलीत माहिती देत होता. तो आमच्याकडं वळला, गाव विचारलं, आणि कोल्हापूर म्हटल्याबरोबर कांबळे मॅडमना म्हणाला, “जय भीम, ताई! सावलीत या. ऊन लागंल.”

नागपूरपासून सोलापूरपर्यंतची माणसं येऊन येऊन गडी मराठी शिकला होता. मॅडमना फार बरं वाटलं. त्यांच्या आजोबांना सारनाथला यायचं होतं, ते राहून गेलं. स्तूपासमोर मॅडम किती तरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, “आजोबांचं झालं एकदाचं.” आम्हालाही भरून आलं.

तेवढ्यात चौगुले सर वाटाड्याला एकीकडं घेऊन म्हणत होते, “भाईसाहब, कृपया हिंदी में बताइए.”

वाटाड्यानं त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “का हो? तुम्हाला मराठी येत नाही?”

*

आणि मग पाठाचा दिवस उजाडला. सरांनी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. विषय चिठ्ठी टाकून मिळाला होता, ‘मेरा गाँव’. हिंदी न येणाऱ्या मुलांना गावाविषयी बोलतं करायचं, एवढाच पाठ. विद्यार्थी म्हणून आम्ही सगळे बाकांवर आणि पहिल्या बाकावर स्वतः त्रिपाठी सर. त्यांचा एक नियम होता. घंटा वाजली की पाठ संपला. आदल्या दिवशी दोघांना त्यांनी वाक्याच्या मध्यात थांबवून खाली बसवलं होतं आणि दोघांचीही श्रेणी घसरली होती.

चौगुले सरांनी सुरुवात केली. “सम्माननीय उपस्थित विद्वज्जन...” आणि पुढचं सगळं साफ विसरले. फळ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. घाम कपाळावरून चष्म्यावर उतरला. कांबळे मॅडमनी माझा हात घट्ट धरला. बढती गेली, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

आता सरांची एक सवय सांगतो. कोडोलीत ते पोरांना नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. “ऊठ, बोरपाडळे! तू सांग, जाखले!” पोरगं कुठून एसटीनं येतं ते पहिल्या दिवशी विचारतात आणि मग वर्षभर तेच त्याचं नाव. दुसरं काही सुचेना तेव्हा सर आपोआप त्यावरच आले. आझमगढच्या त्या तरुणाकडं बोट केलं. “गाँव कौन-सा?”

त्यानं सांगितलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं. “बोलो, तुम्हारे गाँव में क्या मशहूर है?” तो लाजत लाजत गुळाविषयी बोलला. मग दुसरा, मग तिसरी. फळा गावांनी भरायला लागला. सरांची शुद्ध हिंदी केव्हाच सुटली होती. “अरे बोलो की! शरमाता काहे को?” असं चाललं होतं. वर्ग हसत होता आणि बोलत होता.

बोट फिरत फिरत पहिल्या बाकावर आलं आणि सर थांबले नाहीत. “गाँव?”

“बनारस,” त्रिपाठी सर म्हणाले.

“बनारस शहर है. गाँव बोलो, गाँव.”

बोलो! वर्गातलं हसू बंद झालं. त्रिपाठी सरांना ‘तुम’ म्हणणारा माणूस त्या इमारतीत नसावा.

त्रिपाठी सर म्हणाले, “दुलारपट्टी. बलिया ज़िला.” आणि मग, “अब नहीं है. गंगाजी काट ले गईं. हम छोटे थे.”

मैदानात नदी पात्र बदलते, काठ कापत नेते, काठावरची गावं जातात. हे मी दरवर्षी शिकवतो, परीक्षेलाही विचारतो. त्या क्षणी मला ते कुठल्या तोंडानं शिकवतो असं झालं.

चौगुले सर वळले आणि फळ्यावर बाकीच्या गावांखाली त्याच अक्षरात लिहिलं, दुलारपट्टी. मग खडू झटकला.

“हाँ, दुलारपट्टी. उठो. गाँव में जाते बखत पहले क्या दिखता है?”

त्रिपाठी सर उठले. शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधून उभे राहिले आणि भोजपुरीत बोलायला लागले. आधी बांध, मग पिंपळ, पिंपळाखाली विहीर. विहिरीवर कोण कोण असतं, त्यांची नावं. मग डावीकडची वाट. चौगुले सर मान डोलवत होते. “आगे?” म्हणत होते.

घंटा वाजली.

सरांनी सवयीनं खडू खाली ठेवला.

“बजने दीजिए, गुरुजी,” त्रिपाठी सर उभ्या उभ्याच म्हणाले. “अभी घर कहाँ आया है.”